वनाझ ते मंतरवाडी: पुण्याच्या कचऱ्याची वाट

वनाझला मेट्रोचा डेपो आहे, तिथे पूर्वी पुण्याचा कचरा पडायचा. जुने रिक्षावाले आजही त्या जागेला ‘कचरा डेपो’च म्हणतात. कोथरूड वाढलं, इमारती आल्या, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कचऱ्याला उरुळी देवाची-फुरसुंगीची वाट दाखवली गेली. या गावांतल्या कुणालाही तेव्हा महापालिकेसाठी मत देता येत नव्हतं. कचरा कुठे जावा हे ठरवणारे हद्दीच्या आत होते आणि वास घेणारे बाहेर. या प्रवासात मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच गोष्ट.

प्रवास सुरू होतो घराच्या दारातून. सकाळी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई ढकलगाडी घेऊन येतात. पुठ्ठा, पेटच्या बाटल्या, पत्रा, काच हा माल त्या वेगळा काढतात आणि भंगारात विकतात. पुठ्ठ्यावर आमटी सांडलेली असेल तर त्याचा भाव गेला. वेफर्सची चकचकीत पाकिटं कुणीच घेत नाही, कारण त्यांत प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. ठिपका नसला तर ताईंना ते पुडकं हाताने उघडून बघावं लागतं.

उरलेला कचरा रॅम्पवर, म्हणजे हस्तांतरण केंद्रावर जातो. इथे छोट्या गाड्या मोठ्या गाडीत रित्या होतात. ओला आणि सुका एका गाडीत पडून दाबला गेला की नंतर ते वेगळे करणं जवळजवळ अशक्य. भाताचं पाणी कागदात मुरतं, काचेचे तुकडे भाजीच्या देठांत रुततात, आणि त्याचं खत केलं तरी शेतकरी ते रानात घालायला धजत नाही.

तिथून हडपसर, भेकराईनगर, मंतरवाडी. पुढे उरुळी देवाची, वडकी, दिवे घाट. ज्ञानोबांच्या पालखीचीही हीच वाट.

उरुळी-फुरसुंगीच्या डेपोत वर्षानुवर्षं थरावर थर पडत गेले. आत हवा पोचत नाही, त्यामुळे ओला कचरा कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट हवा तापवतो. ढीग पेटला तर वरून पाणी मारून भागत नाही, कारण आग पोटात असते. पोकलेनने ढीग उकरून, विझवून, वर मातीचा जाड थर द्यावा लागतो. दुसरा त्रास लिचेटचा. पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपून काळं होतं आणि खाली अस्तर नसेल तर थेट विहिरींत उतरतं. इथल्या विहिरी बिघडल्या, गावांना टँकर लागले. गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. तसं केल्यावरच शहराला या गावांची नावं आठवत.

जुन्या ढिगावर उपाय दोन. कॅपिंगमध्ये ढिगाला उतार देऊन वर प्लॅस्टिकचं अस्तर आणि माती घालतात, वायूसाठी पाइप सोडतात. कचरा मात्र तिथेच राहतो. बायोमायनिंगमध्ये ढीग कापून लांब रांगा लावतात, जिवाणूंचं द्रावण फवारतात, काही आठवडे उलथापालथ करून वाळवतात आणि मग ट्रॉमेल या फिरत्या चाळणीतून काढतात. खाली बारीक माती पडते, वर प्लॅस्टिक आणि चिंध्या उरतात; त्या सिमेंटच्या भट्ट्यांत जळण म्हणून पाठवायच्या. माल ओला राहिला तर जाळी बुजते आणि प्लॅस्टिकला माती चिकटून येते. अशा मालात राख जास्त, म्हणून सिमेंटवाले तो नाकारतात. पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं प्लॅस्टिक, मिसळलेलं असेल तर त्यातल्या क्लोरीनने भट्टीला त्रास होतो. पावसाळ्यात तर कामच थांबतं. चाळलेली माती खड्डे भरायला ठीक, शेतात नको, कारण तिच्यात जड धातू असू शकतात. आणि चांगलं जळण निघालं तरी मोठ्या सिमेंट भट्ट्या चंद्रपूरकडे किंवा कर्नाटकात कलबुर्गीकडे, म्हणजे कचरा पुन्हा दुसऱ्याच गावाला निघाला.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांकाचा, म्हणजे जळून तेवढी उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचरा भरावात, म्हणजे कचरा पुरायच्या जागेत, टाकायला बंदी घातली. नियम चांगलाच. पण ओलं-सुकं एकत्र झालं की पाण्यामुळे उष्मांक घसरतो, आणि जळू शकला असता तो मालही भरावाच्याच वाटेला लागतो.

२०१७ साली दोन्ही गावं महापालिकेत आली, नंतर वगळली गेली आणि २०२४ मध्ये फुरसुंगी-उरुळी देवाची अशी वेगळी नगरपरिषद झाली. हद्दीची रेघ पुन्हा मधे आली. गावं रेघेपलीकडे आहेत आणि त्यांच्या शेजारच्या ढिगातला कचरा रेघेअलीकडच्या शहराचा.