आमची वाटचाल : जुना पंप, जुनं कॅन्टीन

पेट्रोल भरायच्या जुन्या हातपंपांचे वॉशर बदलून देण्यापासून सुरुवात झाली. आता हायवेवरचा जुना पेट्रोल पंप आणि त्याला लागून असलेलं कॅन्टीन, असं सगळंच दुरुस्तीला घेतो. गिऱ्हाईक मात्र अजून पंपाच्या रंगासाठीच येतं. कुणी मोबाईलवर फोटो दाखवतं : अमेरिकेत टेक्सासमधलं शॅमरॉक गाव, रूट 66 हा जुना हायवे, 1936 चं कोनोको टॉवर स्टेशन हा पेट्रोल पंप आणि शेजारी यू-ड्रॉप इन कॅफे. ‘अस्संच चकाचक पाहिजे.’ तिथे आता पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे, पेट्रोल नाही, हे फोटोत कळत नाही.

रंग आमच्याकडे सगळ्यात शेवटी. पहिली टाकी. जमिनीखालची टाकी रिकामी आहे म्हणजे धोका नाही, हा समज जीवावर बेततो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी बसून राहते. हवेत तिचं प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असलं की एक ठिणगी पुरते. गॅस नसल्याचा दाखला हातात पडल्याशिवाय ग्राइंडर, वेल्डिंग बंद. ही परवानग्यांची बाजू पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था बघते, मुख्यालय नागपूरला.

मग पंपावरचा स्लॅब, कारण खरा खर्च तिथेच. पन्हळीत वाळका पाला अडकतो, पाणी साचतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे खाली येतात. हातोडीनं ठोकत जायचं. भद्द आवाज आला की खडूची खूण. तिथे फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारायचं, काँक्रीटमधला अल्कलीपणा टिकलाय का ते दाखवणारं रसायन. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून ठीक, रंग बदललाच नाही तर त्यातली सळई उघडी पडल्यासारखीच समजा. सळईच्या मागेही 20 मिमी मोकळं करायचं, वायर ब्रश, गंजरोधक प्रायमर, मग पॉलिमर मॉर्टर थराथरानं, आणि वर सात दिवस पाणी. नुसता गिलावा मारून दिलेलं काम पुढच्या पावसाळ्यात परत येतं.

रंग खरवडताना घाई नको. सरकारनं एस्सो ही तेल कंपनी 1974 साली आणि बर्मा-शेल 1976 साली ताब्यात घेतली, पंपांवर नवे रंग चढले, त्यामुळे वरच्या थरांखाली जुन्या कंपनीचा लाल-पिवळा सापडला तर तेवढा हातभर तुकडा तसाच राखतो. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून ओलं करूनच घासायचं. एनॅमलच्या पाटीला सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, करू नये, उरलेलं एनॅमलही उडतं.

काचेच्या दोन बरण्यांच्या हातपंपात एक भरते तोवर दुसरी गाडीत रिकामी होते. चामड्याचा कप वॉशर वाळला की दांडा फुकट हलतो. नवा वॉशर रात्रभर तेलात भिजवून बसवायचा. काच धरून ठेवणारे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू आवळली की काच गेलीच.

कॅन्टीनची मोझॅक फरशी ॲसिडनं धुऊ नका, संगमरवराची खडी खाल्ली जाते. साठ नंबरच्या खरखरीत पॉलिश दगडापासून सुरू करून बारीक दगडांपर्यंत घासत न्या.

शोभेला बरणीत केशरी पाणी भरायचा आग्रह बरेच जण धरतात. आम्ही नाही म्हणतो. पाण्यानं खालचं ओतीव लोखंड गंजतं आणि केशरी पाणी तांबडं होतं.