पट्टी, चहा आणि पाण्याचा आकडा

ताण कमी करायचा तर पहाटे पाचला उठा, तासभर ध्यान करा, डायरी लिहा. असे सल्ले देणाऱ्यांच्या घरी डबे कोण करतं, हा माझा जुना प्रश्न आहे. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघते. हळदीचा हंगाम आणि मार्च एंड एकदमच येतात. सौदे झाले की पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाची बिलं, करायच्या: वजन, दर, हमाली, तोलाई. समोर शेतकरी ताटकळलेला. "ताई, आमची पट्टी तेवढी आधी काढा की, एसटी चुकंल." तेवढ्यात शेठ हाक मारतात, फोन वाजतो आणि खांदे कधी आखडले ते कळतही नाही.

अशा दिवसात वेगळा वेळ कुठून काढणार? म्हणून जे रोज होतंच, त्यालाच एकेक सवय जोडली. प्रिंटरमधून पट्टी येईपर्यंत चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. प्रिंटर जुना, रडतखडत चालतो, त्यामुळे दोन-तीन श्वास आरामात होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. जोर मात्र करायचा नाही, गरगरतं. (शिवाय आमच्याकडे हळदीची धूळ, शिंका वेगळ्याच.)

चहा सुटला नाही, सुटणारही नाही. फक्त संध्याकाळचा बंद केला, कारण अंगातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

दुकान बंद करताना राहिलेली कामं रद्द पट्टीच्या पाठीवर लिहिते: टेम्पोचं भाडं, कुपवाडच्या पार्टीचा चेक, बारदानाचा हिशेब. कागद गल्ल्यात ठेवून कुलूप. रात्री चेक आठवला तरी तो कागदावर आहे हे माहीत असतं, मग कूस बदलून झोपता येतं.

पावसाळ्यातला ताण मात्र वेगळ्याच जातीचा. २०१९ च्या पुरानंतर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही विचारा. ४० ला इशारा, ४५ ला धोका. पाऊस लागून राहिला की मी दर दहा मिनिटांनी मोबाइल बघायचे. आता प्रशासनाचा आकडा सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पाणी इशाऱ्याजवळ आलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा बघावंच लागतं. पण ग्रुपवरचे व्हिडिओ उघडतच नाही. त्यातले कितीतरी जुन्या पुराचे असतात, आणि पाठवणारे आमचे मामा पुण्यात चौथ्या मजल्यावर!

या सगळ्याला मर्यादा आहे. शेजारच्या काकूंना पुरानंतर पत्र्यावर पाऊस वाजला की भांडी माळ्यावर चढवल्याशिवाय राहवायचं नाही, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. तिथं श्वास मोजून भागलं नसतं. त्यांना आम्ही डॉक्टरकडेच नेलं. तेव्हा टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, नव्हती. आता १४४१६ ला कधीही फोन लावता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. काकूंनी तो नंबर मीटरच्या पेटीवर खडूनं लिहून ठेवलाय, वायरमनच्या नंबरखाली.