एअरब्रशपासून ढोलाच्या पिंपापर्यंत: आमची फ्लेकची वाटचाल

अंबडला शॉप सुरू झालं तेव्हा काम होतं बुलेटच्या टाकीवरच्या रेघांचं आणि हेल्मेटवरच्या नावांचं. ०.३ मि.मी. नोझलचा एअरब्रश, म्हणजे पेनासारखी हातात धरायची छोटी फवारणी, आणि साधा मेटॅलिक रंग, एवढ्यावर भागत होतं. मेटॅलिकमधली ॲल्युमिनियमची पूड साधारण १० ते ४० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ती सहज बाहेर पडते. मग गिऱ्हाइकं खरा चमचमता फ्लेक मागू लागली आणि आमची हत्यारं बदलत गेली.

फ्लेक म्हणजे पॉलिएस्टरच्या फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर, त्यावर रंग आणि मग त्या फिल्मचे बारीक षटकोनी तुकडे. १०० मायक्रॉनचा तुकडा ०.३ च्या नोझलमधून जायला हवा, असा हिशोब कागदावर जमतो. पण एअरब्रशच्या नोझलमध्ये नीडल असते, म्हणजे रंगाची वाट उघडझाप करणारी सुई. ती पूर्ण मागे ओढली तरी फ्लेकला वाट मिळते ती नीडलच्या कडेच्या फटीतून, आणि तिथे दोन तुकडे एकदम आले की अडकलेच. म्हणून एअरब्रशने आम्ही ५० मायक्रॉनचाच फ्लेक मारतो, तोही ०.५ च्या नोझलने. १०० मायक्रॉनला छोटी टच-अप स्प्रे गन घेतो, २०० च्या पुढे १.८ ते २ मि.मी.ची गन.

फ्लेकने एअरब्रशवर बारीक रेघ ओढता येत नाही, हे नव्या मुलांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. ट्रिगर अर्धवट ठेवला की तुकडा फटीत बसतो, नीडल नीट मिटत नाही आणि कामावर थेंब पडतो. ती जोर लावून पुढे ढकलली तर नोझलचं तोंड फाटतं. ट्रिगर पूर्ण मागे ठेवायचा आणि आकार मास्किंग टेपने किंवा स्टेन्सिलने काढायचा.

फ्लेक रंगात नाही, क्लिअरमध्ये, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थरात घालतो. मारायला तयार केलेल्या १०० मिली क्लिअरला एअरब्रशसाठी २ ते ३ ग्रॅम पुरे. क्लिअर फार पातळ केलं तर फ्लेक तळाला बसतो आणि जाड ठेवलं तर फवारा फुटत नाही, गुठळ्या उडतात. कप अर्धाच भरायचा. दर थोड्या वेळाने नोझलच्या तोंडावर कापड दाबून हवा सोडायची. हवा उलटी कपात जाऊन बुडबुडे काढते आणि बसलेला फ्लेक वर येतो. गाळणी अर्थातच काढून ठेवायची. दाब ३० पीएसआयच्या आसपास, अंतर १२ ते १५ सें.मी.

खालचा बेस फ्लेकच्याच रंगाचा घ्या. काळ्यावर सोनेरी फ्लेकने अंग झाकायला गेलात तर थरावर थर चढतात आणि वरचं क्लिअर कितीही मारा, पुरत नाही. तीन ते चार हलके हात, एक आडवा तर पुढचा उभा, मध्ये १० ते १५ मिनिटं. हात कोरडा पडला तर तुकडे उभे राहतात, फार ओला पडला तर वाहून टाकीच्या खालच्या कडेला गोळा होतात.

खरा खर्च यापुढे असतो. फ्लेकवर दोन-तीन हात क्लिअर, ते कडक झालं की ६०० किंवा ८०० चा वॉटर पेपर, पुन्हा क्लिअर, शेवटी १५०० ते २००० चा पेपर आणि बफिंग. पहिल्या घासणीत पेपर फ्लेकला लागला तर तुकड्यावरचा रंग निघतो, आतलं ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि लाल टाकीवर पांढरे ठिपके दिसतात. घासून ते जात नाहीत, तेवढा भाग नव्याने करावा लागतो. म्हणून आमचा दर फ्लेकवर नाही, क्लिअरच्या हातांवर ठरतो.

स्टेशनरीच्या दुकानातली चमकी कोणी आणून दिली तर तिच्यातली चिमूटभर घेऊन थिनरमध्ये रात्रभर ठेवतो. सकाळी थिनर रंगलेलं दिसलं, म्हणजे चमकीचा रंग सुटला, की ती चमकी परत.

फ्लेकसाठी बूथ, म्हणजे रंग मारायची बंद खोली, वेगळा केला, हा आमचा सगळ्यात शहाणपणाचा खर्च. एक उडालेला तुकडा पांढऱ्या कारवर बसला तर अख्खा पॅनल पुन्हा रंगवावा लागतो. आणि हार्डनर (कडक करणारं रसायन) घातलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क तिथे काहीही कामाचा नाही. बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क आणि चालू एक्झॉस्ट यांशिवाय आमच्याकडे कोणी गन उचलत नाही.

आता मोठं काम ढोल पथकांचं. पिंपांना, म्हणजे ढोलाच्या मधल्या नळकांड्यांना, २०० मायक्रॉनचा फ्लेक उठून दिसतो. अडचण अशी की गणेशोत्सवाची कामं येतात ती ऐन पावसात. दमट हवेत जलद थिनर वापरलं की थर एकदम गार होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि क्लिअर दुधाळ पडतं. त्या दिवसांत संथ थिनर घेतो, कॉम्प्रेसरच्या वॉटर ट्रॅपमधलं पाणी रोज काढतो आणि संततधार असेल तर काम थांबवतो. पथकांनी पिंपं आषाढ लागायच्या आत आणून द्यावीत. क्लिअर वरून सुकलेलं दिसलं तरी आतून कच्चं असतं. बफिंगनंतर निदान आठवडाभर पान (ढोलाच्या तोंडावरचा पडदा) चढवू नका, नाहीतर कडी आणि दोरी जिथे आवळली जाते तिथे क्लिअरमध्ये वळ उठतो.