तो फिरणारा डोळा

आज वडोदऱ्यातील दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी माळा आवरताना लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही सापडला, आणि पुतण्याने मोबाईलवर दूरदर्शनची जुनी धून लावताच आई हातातले फडके तसेच धरून उभी राहिली. दोन वक्र आकार फिरत फिरत गोलाभोवती स्थिरावत आणि डोळा उमटे. ते बोधचिन्ह इथून जवळच, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, देवाशिष भट्टाचार्य यांनी विद्यार्थिदशेत रेखाटले होते. धून पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची, १ एप्रिल १९७६ रोजी प्रथम प्रसारित झालेली. हल्लीच्या वाहिन्यांची चकचकीत चिन्हे इतक्या वेळा बदलतात की त्यांच्यावर जीव जडायला सवडच मिळत नाही. “ही धून लागली की तुझे बाबा अँटेना फिरवायला गच्चीवर धावायचे,” आई म्हणाली, आणि शटरवरची धूळ तिने स्वतःच पुसली.