कात्री लावताना जीव वर-खाली होत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. माझी कोलाजं पाहिली की बहुतेकांच्या तोंडी हाच प्रश्न येतो: महायुद्धांच्या काळातली पोस्टरं तुम्ही कापता तरी कशी?

अस्सल पोस्टरला मी कधीच कात्री लावत नाही. ती पोस्टरं स्वस्त कागदावर, काही आठवडे भिंतीवर टिकली तरी पुरे अशा हिशेबानं छापलेली असायची. जी उरली ती नशिबानं, आणि घडीवर नुसतं बोट फिरलं तरी त्यांचा भुगा पडू शकतो. मी कापते ती संग्रहालयांनी खुल्या केलेल्या स्कॅनची प्रत, लेझर प्रिंटरवर काढलेली. इंकजेटची शाई ओल्या खळीनं पसरते. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लावली की कागद फुगतो, मग मिनिटभर थांबायचं. घाई केली तर सुरकुत्या पडतात.

पण तुमचा रोख कागदापेक्षा चित्राकडे असतो. एवढं देखणं चित्र मोडायचं कशाला? मोडल्याशिवाय ते आपल्याला कुठे धरतं हे मला कळत नाही, म्हणून.

बोटाचंच घ्या. १९१४ साली चित्रकार आल्फ्रेड लीटनं ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांना सैन्यभरतीसाठी समोर बोट रोखून उभं केलं. १९१७ मध्ये अमेरिकेत जेम्स माँटगोमेरी फ्लॅगनं तीच मांडणी उचलली आणि अंकल सॅमला, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याला, स्वतःचाच चेहरा दिला. त्या पोस्टरच्या ४० लाखांवर प्रती छापल्या गेल्या. बोट आणि डोळे थेट समोर असल्यामुळे तुम्ही डावीकडे सरका की उजवीकडे, सुटका नाही. मी ते बोट मनगटापासून कापलं आणि जरासं, अगदी दोन पेरं, बाजूला वळवून चिकटवलं. सगळा दरारा गेला. एक म्हातारा कुणाला तरी रस्ता दाखवतो आहे, एवढंच उरलं.

सगळ्यात जास्त दिवस मी अडकले ते सॅव्हिल लम्लीच्या १९१५ च्या पोस्टरवर. बाबा खुर्चीत बसलेत, मांडीवर मुलगी, तिच्यापुढे उघडं पुस्तक, आणि जमिनीवर मुलगा खेळण्यातले सैनिक मांडतो आहे. मुलगी विचारते, ‘बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत?’ ब्रिटनमध्ये तेव्हा सक्तीची भरती नव्हती. ती १९१६ मध्ये आली. तोवर माणसाला घरातून बाहेर काढायला लाज हेच हत्यार होतं, आणि इथे ते लेकराच्या हाती दिलंय. मला या चित्राचा राग येतो. त्याहून जास्त राग त्यातल्या खोटेपणाचा येतो, कारण प्रश्न ऐकायला बाबा घरी परत येणारच हे त्यात गृहीत आहे. त्या युद्धात ब्रिटनचे सात लाखांहून अधिक सैनिक मेले.

मी बाबांची कड बारीक कात्रीनं कापत गेले. बोटं, कोट, गुडघे. ते निघाले तशी मुलगी हवेत लटकली, पुस्तक तसंच उघडं. त्या भोकामागे मी कोरा राखाडी कागद लावला. जमिनीवरच्या सैनिकांना हात लावला नाही.

सगळीच पोस्टरं मात्र मी घेत नाही. १९१७ च्या एका अमेरिकी पोस्टरमध्ये जर्मन माणूस शिरस्त्राण घातलेला गोरिला आहे, हातात असहाय बाई. अशी चित्रं सुटी करून सजवली की माझी कात्रीही त्यांच्याच कामाला लागते.

लम्लीचे बाबा पाकिटात ठेवलेत. त्यांना खंदकाच्या चित्रात ठेवून पाहिलं, भरतीच्या रांगेत ठेवून पाहिलं. चित्रात त्यांची नजर मुलीकडे नाहीच, ती पाहणाऱ्याकडे आहे, त्यामुळे कुठेही ठेवले तरी ते माझ्याकडेच बघतात. अजून तरी खळ लावलेली नाही.