तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फात थंडी कशी सोसता?

नोव्हेंबर उजाडला की साताऱ्याहून फोन येतो. "पडायला लागला का गं बर्फ? मग आता थंडी कशी सोसता?" मावशी, काकू, शेजारच्या आजी, सगळ्यांचा हाच प्रश्न. इतकी वर्षं "होते सवय" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते. बर्फ पडत असतो त्या दिवशी इथे अमेरिकेत, आमच्या बफेलोत त्यातल्या त्यात ऊबच असते.

भरघोस बर्फ पडतो तो बहुतेकदा पारा शून्याच्या आसपास असताना. हवा फार गार झाली की तिच्यात बाष्पच मावत नाही, मग पडणार काय? वर ढगांचं पांघरूणही असतं. हाडं गोठतात ती दुसऱ्या दिवशी, आभाळ निवळून लख्ख ऊन पडल्यावर. इथे नवी होते तेव्हा त्या उन्हाला भुलले. नुकतंच न्हाणं झालं होतं, अंगावर शाल घेतली आणि कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला गेले. परत येईपर्यंत केसांच्या बटा खराट्याच्या काड्यांसारख्या ताठ! उणे पंधरा होतं.

आमचा बर्फ पाठवतो एरी तलाव. तलाव कसला, पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी त्याचं पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं. त्यावरून गार वारा लांबच्या लांब वाहत येतो, वाटेत बाष्प उचलतो आणि काठावर आमच्या डोक्यावर रिता होतो. पट्टा मात्र अरुंद. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या काही उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडला आणि उत्तरेकडे जेमतेम काही इंच. महाबळेश्वरला धो धो आणि फलटणला टिपूस नाही, तसंच. पुढे तलाव गोठला की हा पुरवठा आटतो.

आईचा प्रश्न वेगळा असतो, "आवाज येतो का गं?" ती पत्र्यावरचा पाऊस ऐकत वाढलेली. नाही येत. उलट असलेले आवाजही जातात. ताज्या भुसभुशीत बर्फात बरीचशी हवाच असते, ती आवाज गिळते. पहाटे जाग येते ती शांततेनेच, आणि पडदा न सरकवताच कळतं. मग स्नोप्लाउ, म्हणजे बर्फ लोटणारा ट्रक, खडखडत येतो, रस्ता साफ करतो आणि तो सगळा ढीग आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून जातो. हा काही कापूस नव्हे. दाबून घट्ट झालेला, रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चिकचिकलेला, फावडं मारलं की मनगटाला हिसका बसतो. रसवंतीतल्या लादीला आणि या प्रकरणाला आपण एकच शब्द वापरतो, म्हणून इथली मराठी मंडळी सरळ "स्नो पडला" म्हणतात.

एका जानेवारीत आईचाच फोन आला, "आपल्याकडेही पडला हो बर्फ! वेण्णा तलावाच्या जेट्टीवर." मी म्हटलं, "आई, तो पडलेला नाही, तिथलंच दव गोठलंय."

"पेपरात फोटो आलाय," आई म्हणाली. "तू तिथे बसून मला सांगू नकोस."