बाबांचं 1998चं मशीन आणि काळी स्क्रीन

बाबांच्या डीटीपीच्या (छपाईचा मजकूर जुळवायच्या) मशीनची 4.3 जीबीची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून घरात पडलेली 40 जीबीची लावली. मशीन डिस्क शोधता शोधता तिथेच अडकलं. डिस्क दुसरीकडे लावून पाहिली, ठणठणीत! अडचण बायोसची होती, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या चिपमधल्या प्रोग्रॅमची. इंटेल 440बीएक्सचा बोर्ड, बायोस अवॉर्ड कंपनीचा 4.51पीजी, तारीख 1998ची. 65,535 सिलिंडर, 16 हेड, 63 सेक्टर एवढंच त्याचं डिस्कची जागा मोजायचं गणित, म्हणजे 33.8 जीबीपुढे त्याला मोजताच येत नाही.

नवीन मशीन घेता आलं असतं. पण बाबांच्या सगळ्या लग्नपत्रिका जुन्या फॉन्टमधल्या, आणि त्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालायला लागणारी किल्ली, प्रिंटर पोर्टला लागतं. मला हेच मशीन जगवायचं होतं, तेही विंडोज एक्सपीवर, म्हणजे पेनड्राइव्ह सरळ चालेल. जुन्या डिस्कवर एक्सपी टाकून झालं होतं. पण 1 जानेवारी 1999च्या आधीच्या बायोसवर विंडोज सहसा एसीपीआय, म्हणजे मशीनची वीज सांभाळायची पद्धत, वापरतच नाही. शटडाउन केलं की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही अशी पाटी यायची आणि बाबा बटण दाबायचे. दोन्हींवर उपाय एकच, चिपमध्ये नवा बायोस लिहायचा.

सुरू होताना स्क्रीनच्या तळाशी 2ए69के असलेली लांबलचक ओळ दिसते. बोर्ड ओळखायचा तो तिच्यावरून. बरोब्बर त्याच बोर्डाच्या नव्या बायोसची फाइल मिळाली, 2,62,144 बाइट, म्हणजे 2 मेगाबिटच्या चिपला चपखल. डॉसची फ्लॉपी केली, हायमेमसारखे मेमरीचे ड्रायव्हर वगैरे काही न घालता. आधी जुना बायोस फ्लॉपीवर उतरवून घेतला, मग चिपमध्ये बायोस लिहिणारं एडब्ल्यूडीफ्लॅश चालवलं. पांढरे चौकोन पुढे सरकत होते आणि अर्ध्यात लाईट गेली. यूपीएस लावला नव्हता, ही चूक माझीच.

लाईट आल्यावर पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळी. पोटात गोळाच आला. पण थोड्या वेळाने फ्लॉपीचा दिवा लागला. अवॉर्डचा बूट ब्लॉक, म्हणजे बायोस बिघडला तरी मशीन सुरू करणारा चिपमधला छोटा भाग, शाबूत होता. तो फ्लॉपी वाचतो, फक्त माझं एजीपी कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारं कार्ड, त्याला ओळखता येत नव्हतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फ्लॉपीच्या ऑटोएक्झेक.बॅटमध्ये, म्हणजे सुरू होताच आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये, एकच ओळ लिहिली: एडब्ल्यूडीफ्लॅश, फाइलचं नाव, मग /पीवाय /एसएन, म्हणजे काही न विचारता लिही आणि जुनं जपू नकोस. यूपीएस लावला, फ्लॉपी घातली आणि कान लावून बसलो. खर्र... खर्र... मग शांत. पाच मिनिटं हात लावला नाही. बंद करून पुन्हा चालू केलं, तर एक छोटी बीप आणि स्क्रीनवर 40 जीबीच्या डिस्कचं नाव!

एक्सपी नव्याने टाकावं लागलं, कारण एसीपीआय वापरायचं की नाही हे इन्स्टॉल करतानाच ठरतं. संध्याकाळी बाबांनी एक पत्रिका उघडून पाहिली, शटडाउन केलं आणि सवयीने बटणाकडे हात नेला. तोवर मशीन आपोआप बंद झालं होतं.